मैदानावर मोठं माणूस कोण आहे?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाच-साडेपाचला डांबरी रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसतात. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटर धावण्याचे. अग्निवीर भरतीलाही १.६ किलोमीटर पळावं लागतं आणि तिथे साडेसतराव्या वर्षीच उतरता येतं. म्हणून दहावी झाली की पोरं पळायला लागतात, काही तर त्याच्याही आधी. ऊन चढायच्या आत सराव संपतो, घामाघूम झालेलं टोळकं फाट्यावरच्या टपरीवर टेकतं, चहा होतो आणि त्यातले दोघं-तिघं तळहातावर तंबाखू मळायला घेतात किंवा माव्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पुडी सोडतात. हे ज्यानं पाहिलंय त्याला ‘पोरांना खेळाला लावा, व्यसनं आपोआप दूर राहतील’ हे वाक्य पुरेसं वाटणार नाही.

ते वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. अंगमेहनतीचा खेळ आणि तंबाखू यांचं वैर खरं आहे, फक्त ते आपोआप कामाला येत नाही. मैदान हवंच. पण त्या मैदानावर शिकलेलं, जबाबदार आणि स्वतः निर्व्यसनी असं मोठं माणूस नसेल, तर मैदान आणि टपरी यांच्यातलं अंतर पोरं दहा मिनिटांत पार करतात. असं माणूस नेमणं आणि त्याला नियमित मानधन देणं हा तंबाखू-नियंत्रणाचाच खर्च आहे, असं मला ठामपणे वाटतं. आज तो तसा कुणीच धरत नाही. तंबाखूविरोधी काम म्हणजे फलक, शपथ आणि तंबाखूविरोधी दिनाची, ३१ मेची प्रभातफेरी, तर खेळ म्हणजे स्पर्धा, पदकं आणि दहावीचे सवलतीचे गुण, अशा दोन वेगळ्या खात्यांत आपण हा विषय वाटून टाकला आहे.

आधी वयाचं बघू, कारण आपली सगळी गणितं तिथेच चुकतात. २०१९ साली देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची जी तंबाखू-पाहणी झाली, तिच्यात ८.५ टक्के मुलंमुली त्या काळात कुठला ना कुठला तंबाखू वापरत असल्याचं आढळलं. मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के. यापेक्षा अस्वस्थ करणारा आकडा सुरुवातीच्या वयाचा आहे. ज्यांनी सिगारेट ओढून पाहिली होती त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस यायच्या आधीच ओढली होती. बिडीच्या बाबतीत हे प्रमाण ४७ टक्के आणि तोंडात धरायच्या, चघळायच्या तंबाखूच्या बाबतीत ५२ टक्के. म्हणजे तंबाखू खाऊन पाहिलेल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो तिसरी-चौथीत, फार तर पाचवीत तोंडात घातला. आपण मात्र व्यसनमुक्तीचं व्याख्यान नववी-दहावीच्या वर्गात ठेवतो.

दुसऱ्या बाजूला मुलं हलतच नाहीत, असं दिसतं. ११ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज निदान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. १४६ देशांतल्या २०१६ पर्यंतच्या माहितीचा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार जगातली ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नाहीत. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के. जगाच्या मानानं बरं म्हणावं असं, पण चारातली तीन मुलं हा काही समाधान मानण्याजोगा हिशेब नव्हे.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? आहे. शंका अशी निघते की खेळणारी मुलं मुळातच वेगळ्या घरांतली, वेगळ्या घडणीची असतील, म्हणून ती सिगारेटपासून दूर राहत असतील, खेळाचं त्यात श्रेय काय? फिनलंडच्या संशोधकांनी याला चांगली वाट काढली. त्यांनी जुळ्या भावंडांकडे पाहिलं. घर एक, आईबाप एक, पण एक भावंड किशोरवयात सातत्यानं व्यायाम करणारं आणि दुसरं बैठं. २००७ साली मांडलेल्या या अभ्यासात किशोरवयात कायम बैठी राहिलेली मुलं तरुणपणी सिगारेटकडे वळण्याची शक्यता अधिक आढळली, आणि जुळ्यांच्या जोडीच्या आतही हा फरक दिसला. घर आणि रक्त यांच्या पलीकडे खेळाचं स्वतःचं काही देणं आहे, असं मानायला हा आधार पुरेसा भक्कम आहे.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. पळताना स्नायूंना प्राणवायू कमी पडतो, दम लवकर लागतो. जो मुलगा रोज घड्याळ लावून पळतो त्याला ही घट आठवड्याभरात कळते. अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या १० ते १८ वर्षांच्या दहा हजारांवर मुलामुलींच्या फुप्फुसांची मोजणी करून १९९६ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सिगारेट ओढणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढच मंदावलेली दिसली, आणि मुलींमध्ये हे नुकसान मुलांपेक्षा ठळक होतं. किशोरवय हे फुप्फुस वाढायचं वय आहे. त्या वयात राहून गेलेली वाढ नंतरच्या सरावानं भरून काढणं फार अवघड.

इथपर्यंत सगळं ‘खेळाला लावा’ या सल्ल्याच्या बाजूनं आहे. पण हा सगळा युक्तिवाद धुराचा आहे, आणि महाराष्ट्राचा तंबाखू बहुतांशी बिनधुराचा आहे.

२०१६-१७च्या प्रौढांच्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के लोक तंबाखू वापरणारे निघाले. त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, तर बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मावा, सगळीकडे चुना लावून मळलेला तंबाखू, बायकांच्या हाती मशेरी आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा. मूल मोठं होतं ते या घरात, या गल्लीत. आणि इथे शरीर इशारा देत नाही. तंबाखू गालात धरून १६०० मीटर पळणाऱ्या मुलाला सिगारेट ओढणाऱ्यासारखा दम लागत नाही. उलट निकोटीननं थोडी तरतरी येते, भूक मारली जाते, लांब सरावात तोंडाला चाळा मिळतो. घड्याळ त्याला काहीच सांगत नाही. सांगतो तो काही वर्षांनी गाल: आतली त्वचा ताठर होते, तिखट सोसेनासं होतं, तोंड पूर्ण उघडत नाही. सुपारीमुळे होणारा हा विकार आता विशी-पंचविशीतल्या मुलांमध्येही दिसतो आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलेलं आहे. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं.

खेळाडूच बिनधुराच्या तंबाखूकडे अधिक वळतात असंही घडू शकतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं तिथल्या माध्यमिक शाळांतल्या मुलांची २००१ ते २०१३ या काळातली माहिती तपासली. एकूण धूम्रपान झपाट्यानं घटलं होतं. पण खेळाडू मुलांमधला बिनधुराचा तंबाखू १० टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेला होता आणि न खेळणाऱ्यांमध्ये तो ५.९ टक्क्यांवर स्थिर होता. खेळणाऱ्यांमध्ये जवळजवळ दुप्पट! तिथल्या बेसबॉलमध्ये तंबाखू चघळणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. मोठे खेळाडू गाल फुगवून मैदानावर उभे राहत आणि पोरं त्यांना बघून शिकत. आपल्याकडे कबड्डीच्या किंवा टेनिस बॉल क्रिकेटच्या संघातला सगळ्यात दादा खेळाडू मावा चघळत चढाई शिकवत असेल, तर त्याच्या संघातला तेरा वर्षांचा पोरगा दोन्ही गोष्टी एकदमच शिकणार.

म्हणून प्रश्न मैदान आहे की नाही एवढ्यावर थांबत नाही. मैदानावर मोठं माणूस कोण आहे, हे विचारावं लागतं.

आइसलंडचं उदाहरण याबाबतीत नेहमी दिलं जातं, आणि बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी २३ टक्के रोज सिगारेट ओढत. २०१६ पर्यंत ते प्रमाण ३ टक्क्यांवर आलं. ‘त्यांनी पोरांना खेळायला लावलं’ असं आपण त्याचं सार काढतो. त्यांनी केलं ते याहून नेमकं होतं. तिथल्या संशोधकांना दिसलं की मोठ्यांच्या देखरेखीखाली, प्रशिक्षकाबरोबर, ठरलेल्या वेळी खेळणारी मुलं व्यसनांपासून दूर राहतात. नुसतंच एकत्र जमून, कुणाचंही लक्ष नसताना वेळ काढणाऱ्या मुलांना हा लाभ मिळत नाही. मग क्लबांना पैसा दिला, शिकलेले प्रशिक्षक ठेवले आणि राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे पालकांना खेळ-छंदांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम देऊ केली. सोबत जाहिरातबंदी, वयाची अट, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर मर्यादा आणि पालकांचे आपसांतले करारही होते. चार लाखांच्या आत लोकवस्ती असलेला श्रीमंत देश तो, त्याची नक्कल इथे होणार नाही. पण देखरेखीचं तत्त्व आपल्याला परकं नाही.

कोल्हापूरच्या तालमी बघा. खासबागेचं मैदान शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलं, ते पेठापेठांतल्या तालमींच्या जोरावर. तालमीत नुसती लाल माती आणि डंबेल्स नसतात, तिथे वस्ताद असतो. पोरगा किती वाजता उठला, काय खाल्लं, कुणाबरोबर फिरतो, ओठाखाली काही धरलंय का, हे सगळं वस्तादाच्या नजरेत असतं. तालमीत यायचं तर तंबाखू बंद, हा नियम तोंडी असला तरी पक्का असतो, आणि मोडला तर जोर-बैठकांच्या शिक्षेपासून तालीम बंद होण्यापर्यंत मजल जाते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालापासून शिक्षक घडवण्याच्याच वाटेनं वाढलं. आपल्या आधीच्या पिढ्यांनी व्यायामशाळा उभ्या केल्या त्या शिकवणाऱ्या माणसांभोवती. आपण आता खुली व्यायामशाळा म्हणून लोखंडी यंत्रं बसवतो, कोनशिलेवर नाव घालतो आणि निघून येतो. रात्री त्याच यंत्रांवर बसून पोरं सिगारेट ओढतात, आणि त्याला जबाबदार फक्त पोरं नाहीत.

कायद्याचं म्हणाल, तर कागदावर पुष्कळ काही आहे. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांना विक्री बंद केली आणि शाळा-महाविद्यालयांच्या १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकायला मनाई केली. दंड मात्र जास्तीत जास्त २०० रुपये. दुसऱ्या टोकाला, २०१५च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शिक्षा इतकी जड, की रोज राम-राम करणाऱ्या टपरीवाल्याविरुद्ध ती मागायला गावातलं कुणी पुढे येत नाही. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटखा बंद केला. लगेच पानमसाला आणि तंबाखू दोन वेगळ्या पुड्यांत आले आणि ग्राहक ते तोंडात एकत्र करू लागला. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगारेट आणि सुट्टी बिडी विकण्यावर राज्यात बंदी आली. हा निर्णय फार चांगला होता, कारण पोराच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात. ती बंदी कुठल्या टपरीवर दिसते, हे वाचकांनी स्वतः पाहावं.

या कायद्यात मैदानाचं नावच नाही, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. १०० यार्डांची अट शैक्षणिक संस्थेच्या कुंपणापासून मोजतात. शाळेचं मैदान शाळेला लागून असेल तर ठीक. पण गावाचं मैदान, पालिकेचं क्रीडांगण, तालमीची जागा, भरतीची पोरं पळतात तो बांध, यांच्या दारात टपरी असली तरी कायदा गप्प. मूल कायदा नीट पाळणाऱ्या शाळेत सहा तास असतं आणि सुटल्यावर मैदानावर येतं, तेव्हा तिथे संरक्षण संपलेलं असतं. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीच्या नियमांत प्रेक्षागार असलेलं स्टेडियम येतं, पण ती बंदीही धुराचीच. चघळण्याला ती लागू नाही. मैदानाच्या १०० यार्डांतही विक्री बंद असली पाहिजे. त्यासाठी दिल्लीची वाट बघायला नको. मैदानालगतच्या आपल्या जागेत टपरीला परवानगी द्यायची की नाही, हे नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

तंबाखू खेळाच्या मैदानात आपण होऊन आला नाही, त्याला आणलं गेलं, हेही विसरू नये. १९९०च्या दशकात भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर विल्स या सिगारेटचं नाव होतं. १९९६चा विश्वचषकही विल्सच्याच नावानं झाला. त्या स्पर्धेत सचिन तेंडुलकर बॅटवर कुठल्याही कंपनीचं चिन्ह न लावता खेळला. तंबाखू-दारूची जाहिरात करणार नाही, हा वडिलांना दिलेला शब्द त्यानं पुढेही पाळला. २००१ साली तंबाखूच्या जाहिरातबंदीचं विधेयक आलं तेव्हा कंपनीनं क्रिकेटमधून अंग काढून घेतलं. आज तेच वेलचीच्या आणि माउथ फ्रेशनरच्या नावानं परत आलं आहे. पुडीचा रंग, अक्षरं, नाव सगळं तेच. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाला मार्च २०२५ मध्ये आयपीएलला पत्र लिहून अशा आडवाटेच्या जाहिराती थांबवायला सांगावं लागलं. सरावाला येणारा पोरगा ज्याच्यासारखं खेळायचं ठरवतो, तोच माणूस त्याला संध्याकाळी पुडी दाखवत असेल, तर प्रशिक्षकाचं काम दुप्पट होतं. गावच्या स्पर्धांच्या मंडपावर कुणाचे फलक लागतात, हे आयोजक मंडळांनीही एकदा बघावं.

मुलींचं वेगळं बोलायला हवं, कारण ‘पोरं’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे मुलगेच येतात. पुरेशी हालचाल न करणाऱ्यांत आपल्या मुली मुलांच्या पुढे आहेत. अभ्यासकांनी मुलांच्या बाबतीत क्रिकेटच्या वेडाचा आधार सांगितला आणि मुलींच्या बाबतीत घरकामाचा. म्हणजे मुलगी हलते ती झाडू-भांड्यांसाठी, खेळण्यासाठी नव्हे. सातवी-आठवीत ती मैदानावरून गायब होते आणि कुणी विचारतही नाही. मशेरी तिच्या हाती आईकडून, आजीकडून येते, ‘दात चांगले राहतात’ म्हणून. त्या मुलीसाठी मैदानावर बाई प्रशिक्षक असणं, स्वच्छतागृह असणं आणि अंधार पडायच्या आत सराव संपणं, एवढं जमलं तरी तिचा दिवस बदलतो.

खेळाला औषध समजण्याची चूक मात्र नको. दहा-पंधरा मिनिटं भरभर चालल्यानं तलफ तात्पुरती ओसरते, हे प्रयोगांत दिसलंय. पण जडलेलं व्यसन व्यायामाच्या जोरावर कायमचं सुटतं, असा ठोस पुरावा मोठ्या परीक्षणांत सापडलेला नाही. ज्याला तंबाखू जडलाय त्या मुलाला समुपदेशन लागतं. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११२-३५६ हा मोफत क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावा आणि प्रशिक्षकाला तोंडपाठ असावा. खेळाचं बळ आधीच्या वयात आहे, सवय लागण्यापूर्वी.

आणि नेमक्या त्या वयात आपण माणूस देत नाही. शिक्षण हक्क कायदा शाळेला मैदान असलंच पाहिजे म्हणतो, पण शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक सहावी ते आठवीसाठी, तोही शंभराहून अधिक पट असेल तरच. वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट शंभर कुठून असणार? आणि पहिली ते पाचवीला तर ही तरतूदच नाही. तंबाखू चौथीत येतो आणि खेळाचा शिक्षक आलाच तर सहावीत. शाळा लहान असल्या तरी त्या केंद्रांत, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटांत, बांधलेल्या आहेत. एका केंद्राच्या शाळांत मिळून एक-दोन प्रशिक्षक फिरते ठेवता येतील. लंगडी, खो-खो, कबड्डी यांना साहित्य जवळजवळ लागत नाही, माणूस लागतो. भरतीत वय निघून गेलेले, पण शरीर कमावलेले शेकडो तरुण गावोगाव रिकामे आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि मानधन द्या, अट एकच ठेवा: तोंडात तंबाखू असलेला माणूस मुलांपुढे उभा राहणार नाही.

‘पैसा कुठून आणायचा?’ याला माझं उत्तर असं की तोंडाच्या कर्करोगाच्या एका शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या किरणोपचारांचा खर्च सरकारी योजना आजही भरतेच आहे. तो थोडा आधी, मुलाच्या नवव्या वर्षी खर्च करावा. ‘अभ्यास बुडतो’ म्हणणाऱ्या पालकांनी शाळेत पी.टी.चा तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो तेव्हा आपण खूश होतो की नाही, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढं विचारावं: पी.टी.चा तास वेळापत्रकात किती वेळा आहे आणि प्रत्यक्षात किती वेळा होतो? तो कोण घेतं? तिसरी ते पाचवीच्या मुलांना मैदानावर कोण नेतं? सातवीनंतर मैदानावर येणं बंद केलेल्या मुली किती? मैदानाच्या फाटकापासून सगळ्यात जवळची टपरी किती पावलांवर आहे? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी.